भेगेवर उभं स्टेडियम: बर्कलीतल्या मेमोरियल स्टेडियमचं प्रकरण

२००९ च्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा बर्कलीला गेलो. भाची तिथे एम.एस. करत होती, इंटरनॅशनल हाउसमध्ये राहायची. पुण्यात उभा जन्म इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करण्यात गेलेल्या मामाला काय दाखवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोल्डन गेट पूल दुसऱ्या दिवसावर टाकून ती मला चढावर घेऊन गेली, विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या दक्षिण टोकाला. म्हणाली, "मामा, इथे हात लावून बघ."

काँक्रीटच्या बाहेरच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत फट होती. बोटं सहज आत जात होती. पण फटीच्या रुंदीपेक्षा मला वेगळीच गोष्ट खटकली: फटीच्या दोन्ही कडा एका रेषेत नव्हत्या. एक बाजू दुसरीच्या पुढे सरकली होती. पाया खचला की भेग तिरकी धावते, उन्हाने काँक्रीट तापून-निवून भेग पडली तर ती केसासारखी असते. ही दोन्हींपैकी एकही नव्हती. खालची जमीनच दोन दिशांना चालली होती आणि भिंत बिचारी तिच्याबरोबर फरपटत होती.

त्यानंतर या स्टेडियमबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत गेलो. भूशास्त्राचे लेख, कोर्टाचे निकाल, विद्यापीठाच्या हिशेबाच्या बातम्या. २०१९ मध्ये पुन्हा जाऊन आलो. ती फट आता नाही. ती बुजवण्यापायी काय काय गेलं आणि कोणाचं गेलं, ते इथे मांडतो आहे.

जागा कशी ठरली

बर्कली हे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्व काठावरचं शहर. खाडीपासून ते हळूहळू चढत जातं आणि पूर्वेला एकदम टेकड्या उभ्या राहतात. सपाटी संपून टेकडी सुरू होते त्या रेषेवर हेवर्ड फॉल्ट आहे. फॉल्ट म्हणजे भ्रंश, जमिनीच्या कवचातली अशी चीर की जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत विरुद्ध दिशांना सरकतात. त्याच रेषेवर स्ट्रॉबेरी नावाच्या नाल्याचं खोरं उघडतं, आणि खोऱ्याच्या तोंडाशी हे स्टेडियम बसवलेलं आहे.

इथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा आणि अंगावर धावून जाण्याचा खेळ. अमेरिकेत कॉलेजांच्या संघांना आपल्याकडे रणजी संघालाही मिळत नाही इतकी गर्दी होते. बर्कलीचा संघ गोल्डन बेअर्स, आणि त्यांचा जन्माचा प्रतिस्पर्धी खाडीपलीकडचा स्टॅनफर्ड. १९२० नंतरच्या पाच वर्षांत प्रशिक्षक अँडी स्मिथ यांच्या हाताखाली बर्कलीचा संघ देशात गाजला. लाकडी बाकं अपुरी पडू लागली. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅलिफोर्नियाकरांचं स्मारक म्हणून मोठं स्टेडियम बांधायचं ठरलं आणि लोकवर्गणीतून पैसा उभा राहिला.

आधी विचार होता तो कॅम्पसच्या खालच्या अंगाला, सपाटीवर बांधण्याचा. पण तिथली घरं-दुकानं विकत घ्यावी लागली असती. खोऱ्याचं तोंड स्वस्तात पडत होतं. त्या वेळीही आसपासचे रहिवासी आणि निसर्गप्रेमी यांनी विरोध केला होता, कारण खोरं हिरवंगार होतं आणि लोक तिथे फिरायला जात. विरोध बाजूला सारून काम सुरू झालं. सिएराच्या डोंगरात सोनं शोधणारे जशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी माती धुऊन काढत, तसंच इथेही टेकडी पाण्याने कापून काढली. नाला मोरीत घालून जमिनीखालून काढला. पूर्वेची अर्धी बैठक टेकडीच्या उतारावर टेकली आणि पश्चिमेची अर्धी काँक्रीटच्या उंच कमानदार भिंतीवर उभी राहिली. वास्तुरचनाकार जॉन गॅलन हॉवर्ड यांच्या डोळ्यांसमोर रोमचं कोलोसियम होतं, हे ती भिंत बघताक्षणी कळतं.

१७ सप्टेंबर १९२३ ला बर्कलीच्या उत्तर भागात वणवा उतरला आणि सुमारे ६०० इमारती जळाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी, २४ नोव्हेंबरला, स्टेडियमचं उद्घाटन झालं. बर्कलीने स्टॅनफर्डला ९-० ने हरवलं. शहर राखेत असताना टेकडीवर ७० हजारांचा जल्लोष. आग आणि भूकंप या दोन्ही गोष्टी या जागेच्या पाचवीलाच पुजल्या होत्या, त्या पुढच्या वादात पुन्हा पुन्हा समोर येतात.

पुढे या मैदानाने खूप काही पाहिलं. २३ मार्च १९६२ ला राष्ट्राध्यक्ष केनेडी इथे बोलले तेव्हा मैदानातही खुर्च्या मांडाव्या लागल्या. २० नोव्हेंबर १९८२ ला स्टॅनफर्डविरुद्धच्या सामन्यात शेवटचे ४ सेकंद उरले असताना बर्कलीच्या खेळाडूंनी पाच वेळा चेंडू मागे टाकत, सामना संपला समजून मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडपथकातून वाट काढत, २५-२० असा विजय खेचून आणला. तिथल्या लोकांना आजही तो प्रसंग 'द प्ले' एवढ्यावरच कळतो. हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की 'स्टेडियम दुसरीकडे हलवा' असं म्हणणं एका पिढीला बाप-आजोबांचं घर पाडा म्हणण्यासारखं होतं. त्या भावनेचं वजन न धरता या प्रकरणाचा हिशेब लागत नाही.

जमिनीची चाल

हेवर्ड फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा, साधारण ६.८ तीव्रतेचा. १९०६ चा त्याहून मोठा भूकंप येईपर्यंत लोक त्यालाच 'सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप' म्हणत. दक्षिणेला फ्रीमाँटमधल्या एका तळ्याजवळ खंदक खणून संशोधकांनी गेल्या १,९०० वर्षांतल्या भूकंपांच्या खुणा मोजल्या. दोन मोठ्या धक्क्यांमधलं सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास निघालं. १८६८ मध्ये दीडशे मिळवले की २०१८ येतं. सरासरी ही सरासरीच असते, तिला तारीख समजू नये. पण इंजिनिअरची झोप उडवायला ती पुरेशी आहे.

या फॉल्टची दुसरी तऱ्हा म्हणजे तो भूकंप नसतानाही सरकत राहतो. वर्षाला चार-पाच मिलिमीटर, नखं वाढतात त्याहूनही सावकाश. पश्चिमेची बाजू उत्तरेकडे जाते. १९२३ पासून मजबुतीकरणापर्यंतच्या ८७ वर्षांचा गुणाकार केला तर फूटभराहून अधिक होतो. रेषा एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत, मैदानाच्या लांबीतून जाते, म्हणजे स्टेडियमचा वाडगा उभा चिरते. उत्तर आणि दक्षिण टोकांना जिथे ती भिंत ओलांडते तिथेच फटी पडल्या. खुद्द स्ट्रॉबेरी नाल्याचा प्रवाहही याच सरकण्याने शेकडो फूट बाजूला गेलेला आहे. खोऱ्याचं तोंड आणि खालचं पात्र समोरासमोर नाहीत. डोळसपणे पाहिलं असतं तर जमीन सांगतच होती.

१९६६ मध्ये डोरोथी रॅडब्रुक आणि त्यांचे सहकारी लेनर्ट यांनी स्टेडियमखालच्या मोरीला पडलेल्या तड्यांवर शास्त्रीय लेख छापला आणि त्यांचं कारण फॉल्टची संथ सरक हेच असल्याचं दाखवलं. म्हणजे स्टेडियम ४३ वर्षांचं असतानाच दुखणं सापडलं होतं.

मला इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे फाटलं ते त्याआधी कोणाच्याही नकाशावर नव्हतं. लातूर-उस्मानाबादच्या लोकांना सावध व्हायची संधीच मिळाली नाही. बर्कलीत उलट होतं. रेषा माहीत, वेग माहीत, भिंतीत बोट घालून बघता येत होतं, आणि तरी मूळ प्रश्नाला हात घालायला आणखी ४० वर्षं लागली.

शेजार

स्टेडियमभोवतीचा भाग तीन थरांचा आहे. खालच्या बाजूला पीडमाँट ॲव्हेन्यू, तिथे विद्यार्थी-मंडळांची राहण्याची घरं आणि १९३० मध्ये उघडलेलं इंटरनॅशनल हाउस. सामन्याच्या शनिवारी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. डाउनटाउनच्या रेल्वे स्टेशनापासून मैलभर चढ चढत लोक झुंडीने येतात. वरच्या बाजूला उघडी टेकडी, जिला 'टाइटवॉड हिल', म्हणजे चिकटूंची टेकडी म्हणतात, कारण तिथे बसून तिकीट न काढता मैदान दिसतं. बर्कलीने गुण मिळवला की याच टेकडीवरून तोफ उडते. आणि आग्नेयेला, अगदी भिंतीला लागून, पॅनोरॅमिक हिल.

पॅनोरॅमिक हिलवरची जुनी लाकडी घरं २००५ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत आली. तिथे जायचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि तो स्टेडियमच्या कुशीतून सुरू होतो. टेकडीचा काही भाग ओकलँड शहराच्या हद्दीत आहे, पण तिथेही बर्कलीतूनच पोचावं लागतं. २० ऑक्टोबर १९९१ ला दक्षिणेकडच्या टेकड्यांवर वणवा पेटला तेव्हा अरुंद रस्त्यांवर गाड्या अडकल्या, २५ माणसं गेली, हजारो घरं खाक झाली. ती आग पाहिलेला पॅनोरॅमिक हिलचा माणूस शनिवारी स्टेडियमकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: आज आग लागली किंवा जमीन हलली तर साठ हजार माणसं खाली जाताना अग्निशमनाची गाडी वर कशी येणार? हा प्रश्न खेळाच्या द्वेषातून आलेला नव्हता. बाहेरून लिहिणाऱ्यांनी या रहिवाशांना बरेचदा 'शांतता हवी म्हणून रडणारे श्रीमंत' असं रंगवलं. मला ते अन्यायाचं वाटतं.

यात एक कायदेशीर गाठ आहे, ती समजल्याशिवाय पुढचं समजत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाला राज्यघटनेनेच स्वायत्तता दिलेली आहे. विद्यापीठाच्या जमिनीवरच्या शैक्षणिक कामांना शहराचे बांधकामाचे नियम लागू होत नाहीत. आपल्याकडे पालिकेने नकाशा मंजूर केला नाही तर वीट रचता येत नाही. तिथे शहर फक्त अभिप्राय देऊ शकतं, आणि तो मानला गेला नाही तर राज्याच्या पर्यावरण कायद्याखाली कोर्टात जाऊ शकतं. शेजाऱ्याशी बोलण्याची दुसरी वाटच उरत नाही तेव्हा वकील बोलतात.

२००६: आधी सराव केंद्र, मग स्टेडियम

२००२ मध्ये आलेल्या प्रशिक्षक जेफ टेडफर्ड यांनी पडलेला संघ उभा केला. २००४ चा हंगाम, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, ॲरन रॉजर्स, १० विजय. टेडफर्डला दुसरीकडून बोलावणी येऊ लागली. त्याला टिकवायचं तर सोयी हव्यात. स्टेडियमच्या पोटात खेळाडूंचे कपडे बदलण्याचे, व्यायामाचे, प्रशिक्षकांचे कक्ष होते, सगळे जुनाट आणि भूकंपाच्या दृष्टीने धोक्याचे.

विद्यापीठाने काम दोन टप्प्यांत मांडलं. पहिल्यांदा स्टेडियमच्या पश्चिम भिंतीबाहेर, ओकच्या राईच्या जागी, खेळाडूंसाठी नवीन केंद्र. त्यानंतर स्टेडियमचं मजबुतीकरण. यामागचा सुरक्षेचा तर्क मला मनापासून पटतो. प्रेक्षक वर्षातून सहा-सात शनिवार तिथे चार तास बसतात. खेळाडू आणि कर्मचारी वर्षभर रोज आत असतात. धोका माणूस-तासांत मोजला तर आधी त्यांनाच बाहेर काढायला हवं. कोणत्याही इस्पितळाच्या किंवा शाळेच्या मजबुतीकरणात मी हाच क्रम लावला असता.

पण याच क्रमाचा दुसरा परिणाम असा की एकदा १५ कोटी डॉलरचं केंद्र स्टेडियमच्या पायथ्याशी उभं राहिलं की स्टेडियम दुसरीकडे नेण्याचा विचार कायमचा मिटतो. खाडीकाठच्या सपाट जागांचे पर्याय सुचवले गेले होते, विद्यापीठाच्या अहवालात त्यांना पानंही मिळाली. खरा निर्णय मात्र राई तोडण्याच्या निर्णयातच घेऊन झाला होता. 'इथेच राहायचं का' हा प्रश्न स्वतंत्रपणे, नावानिशी, मतासाठी कधी ठेवलाच गेला नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे.

राई

२ डिसेंबर २००६, स्टॅनफर्डविरुद्धच्या सामन्याचा दिवस. पहाटे एक आंदोलक राईतल्या रेडवुडवर चढून बसला. पाठोपाठ इतरही चढले. फळ्या, दोर, ताडपत्र्या. तोडायची झाडं चाळीसहून थोडी जास्त, बहुतेक कोस्ट लाइव्ह ओक. बर्कली शहरात या ओकची तोड बंद होती, पण शहराचा तो नियम विद्यापीठाच्या हद्दीत चालत नव्हता. विद्यापीठाचं म्हणणं, यातली बहुतेक झाडं १९२३ नंतर आम्हीच लावली, आणि तोडू त्याच्या तिप्पट लावू. विरोधकांचं म्हणणं, ही राई स्मारकाचाच भाग आहे. शिवाय १९२३ च्या खोदकामात मानवी अवशेष सापडल्याची नोंद होती, म्हणून इथल्या मूळ ओलोनी लोकांची दफनभूमी असल्याचा मुद्दा पुढे आला.

२२ जानेवारी २००७ ला तीन बाया शिडीने एका ओकवर चढल्या. सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन, खाडी बुजवण्याविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या, वय ९०. नगरसेविका बेटी ओल्ड्स, ८६. माजी महापौर शर्ली डीन, ७१. साडी नेसलेली नव्वदीची आजी वडावर चढून बसलेली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या दिवशी बर्कलीला काय वाटलं असेल ते कळेल. मॅक्लॉफ्लिन यांच्यामुळे खाडी वाचली, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या वर गेल्या तेव्हा हा वाद 'चार हिप्पी विरुद्ध विद्यापीठ' एवढा उरला नाही.

आंदोलन २१ महिने चाललं. कुंपणं पडली, पहारे बसले. शेवटचे चौघं एका रेडवुडवर उरले होते. ९ सप्टेंबर २००८ ला विद्यापीठाने झाडाभोवती परांची उभारली आणि ते खाली उतरले. बाकीची झाडं त्याआधीच्या दिवसांत पडली होती. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा तिथे खड्डा आणि क्रेन होती. एक ओल्या मातीचा वास सोडला तर राईची काहीच खूण नव्हती.

कोर्टात

बर्कली शहर, पॅनोरॅमिक हिलची रहिवासी संघटना आणि ओक वाचवणारी एक संस्था यांनी दावे लावले होते. अलमीडा काउंटीच्या न्यायाधीश बार्बरा मिलर यांनी जानेवारी २००७ च्या अखेरीस कामाला मनाई केली. वादाचा कणा होता अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात फॉल्टवरच्या इमारती चिरफाळल्या, म्हणून १९७२ मध्ये तो झाला. सक्रिय फॉल्टच्या तोंडावर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधता येत नाही, आणि जुनीत बदल करायचा तर त्याचा खर्च इमारतीच्या मूल्याच्या निम्म्याच्या आत हवा.

मग दोन प्रश्न. नवं केंद्र स्वतंत्र इमारत आहे की जुन्या स्टेडियमची वाढ? आणि 'मूल्य' म्हणजे काय? नव्याने बांधायला लागेल ती रक्कम धरली तर आकडा प्रचंड होतो आणि त्याच्या निम्म्यात वाटेल ते करता येतं. ८० वर्षांच्या तडे गेलेल्या बांधकामाची आजची किंमत धरली तर जवळजवळ काहीच करता येत नाही. एका शब्दाच्या अर्थावर अख्खं स्टेडियम तोललेलं होतं. कायदा करणाऱ्यांनी तो शब्द मोकळा सोडला, याचं मला इंजिनिअर म्हणून आजही वाईट वाटतं.

१८ जून २००८ च्या निकालात न्यायाधीशांनी बहुतेक मुद्द्यांवर विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. केंद्र स्वतंत्र इमारत आहे आणि ते फॉल्टवर नाही. मात्र जुन्या भिंतीला आधार देणारा ग्रेड बीम, म्हणजे जमिनीलगतची काँक्रीटची आडवी तुळई, आणि असे काही किरकोळ भाग हे मूळ स्टेडियममधलेच बदल ठरतात. ते वगळायला विद्यापीठ तयार झालं आणि पुढे मनाई उठली. शहराने अपील न करण्याचं ठरवलं. बाकीच्यांनी केलं, आणि २०१० मध्ये अपील कोर्टानेही विद्यापीठाचंच म्हणणं मान्य केलं. टाइटवॉड हिलच्या चाहत्यांनीही आपली फुकटची नजर वाचवायला दावा लावला होता, तो पुढे समेटाने मिटला. मला त्यांचं कौतुक वाटतं. टेकडीवर सतरंजी टाकून सामना बघण्याचा हक्क कागदावर कुठेच नसतो, पण गावाच्या सवयीत असतो.

मजबुतीकरण

इथे मात्र मी हात जोडतो. फोरेल-एल्सेसर या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्ट्रक्चरल फर्मने जे केलं ते आमच्या व्यवसायातल्या सुंदर कामांपैकी एक आहे.

नेहमीचा विचार असा की इमारत घट्ट बांधा, सगळी एकजीव करा, म्हणजे हलली तरी एकत्र हलेल. फॉल्टवर हा विचार चालत नाही. जमीन सहा फूट फाटणार असेल तर जगातला कोणताही बीम तिला धरून ठेवू शकत नाही. तेव्हा त्यांनी उलटं केलं. फॉल्ट जिथे वाडग्याची भिंत ओलांडतो त्या दोन टोकांचे पाचरीसारखे तुकडे बाकीच्या बांधकामापासून पूर्ण कापून वेगळे केले. प्रत्येक तुकडा जाड काँक्रीटच्या सलग पाट्यावर बसवला. पाट्याखाली वाळू आणि प्लॅस्टिकचे थर, म्हणजे जमीन सरकली तरी पाटा तिच्यावरून घसरेल. शेजारच्या भागापासून पुरेसं अंतर सोडलं. आडवी सहा फूट आणि उभी दोन फूट हालचाल झाली तरी ते तुकडे वळतील, तिरपे होतील, पण कोसळणार नाहीत, असा हिशेब आहे. परातीत ठेवलेल्या वाटीसारखं: परात ओढली तरी वाटी फुटत नाही.

पश्चिमेच्या बाजूला हॉवर्ड यांची कमानदार भिंत राष्ट्रीय वारसा म्हणून २००६ मध्येच नोंदली गेली होती, ती पाडता येत नव्हती. तेव्हा भिंत टेकू देऊन उभी ठेवली, तिच्या आतली सगळी बैठक पाडली आणि नवी बांधली. तिच्या वर पत्रकारांचा आणि खास पाहुण्यांचा लांबलचक मजला आला. तो दोन उंच काँक्रीटच्या गाभ्यांवर उभा आहे. या गाभ्यांत पोलादी तारा ताणून बसवलेल्या आहेत, त्यामुळे धक्क्यात ते डुलतात आणि तारा त्यांना ओढून पुन्हा सरळ करतात. मजला आणि बैठक यांच्यामध्ये धक्का शोषणारे डँपर आहेत. पूर्वेची बैठक टेकडीवरच बसलेली, तिला फारसा हात लावावा लागला नाही. आणि फॉल्ट ज्या हिरवळीखालून जातो तिथे वर पडण्यासारखं काहीच नाही. भूकंपाच्या क्षणी या परिसरात सर्वांत सुरक्षित उभं राहायची जागा म्हणजे मैदानाचा मध्य!

२०११ चा हंगाम संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळला. १ सप्टेंबर २०१२ ला ६३ हजार आसनांचं स्टेडियम उघडलं. त्या दिवशी नेव्हाडाने त्यांना ३१-२४ ने हरवलं.

पैसा

स्टेडियमला ३२ कोटी १० लाख डॉलर, शेजारच्या केंद्राला १५ कोटींहून थोडे अधिक. यातले जवळजवळ ४४ कोटी ५० लाख कर्जाऊ. विद्यापीठाने सुरुवातीला सांगितलं होतं की विद्यार्थ्यांच्या फीला किंवा राज्याच्या पैशाला हात लागणार नाही. मग फेड कशातून?

सुमारे ३,००० चांगल्या खुर्च्यांचा ४०-५० वर्षांचा हक्क विकायचा. मधोमध बसायचं तर एका खुर्चीला दोन लाख डॉलरच्या वर. यातून २७ कोटी डॉलर उभे राहतील, ते गुंतवायचे आणि व्याजावर हप्ते भरायचे. योजना बाजारात येण्याच्या सुमारासच, २००८ च्या सप्टेंबरात, अमेरिकेचा अर्थबाजार कोसळला. यापेक्षा गंभीर दोष योजनेच्या पोटात होता. खुर्ची घेणारा वर्षाच्या हप्त्याने पैसे देऊ शकत होता आणि नको झाली तर सोडूनही देऊ शकत होता. पण विद्यापीठ तोंडी वचनांना विक्री धरून चाललं. आपल्याकडे बुकिंगची रक्कम पूर्ण आली असं समजून पायाभरणी करणाऱ्या बिल्डरला बँक दारात उभं करत नाही. संघ जिंकत राहील, हेही गृहीत होतं. २०१२ मध्ये तीनच सामने जिंकले, टेडफर्डची गच्छंती झाली. २०१३ मध्ये बारापैकी एक.

कर्जाची रचना अशी की पहिली वीस वर्षं फक्त व्याज, वर्षाला सुमारे एक कोटी ८० लाख डॉलर. मुद्दल २०३२ पासून, आणि काही भागाची फेड थेट पुढच्या शतकात. १९२३ मध्ये वर्गणीदारांनी आपल्या खिशातून बांधलेल्या स्टेडियमची दुरुस्ती अजून जन्माला न आलेल्या विद्यार्थ्यांच्या माथी मारली गेली. मैदानाचं नाव विकून बघितलं. २०१३ मध्ये काबाम या गेम कंपनीला, तो करार तीन वर्षांत संपला. २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीला दहा वर्षांसाठी, ती पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. २०१८ मध्ये कुलगुरू कॅरल क्राइस्ट यांनी कर्जाचा निम्म्याहून अधिक भार क्रीडा विभागाकडून काढून विद्यापीठाच्या मुख्य खात्यावर घेतला. भूकंपसुरक्षा ही सगळ्या कॅम्पसची जबाबदारी आहे, ती फुटबॉलने का भरावी, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला योग्य वाटतो. पण मग तो २००६ मध्ये उघडपणे मांडायला हवा होता, आणि प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी, शहराने तेव्हा ठरवायला हवं होतं की या पैशात स्टेडियम हवं की दुसऱ्या इमारतींचं मजबुतीकरण. कॅम्पसवर अशा इमारती कमी नव्हत्या.

पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची जुनी लीग फुटली. २ ऑगस्ट २०२४ पासून बर्कली ॲटलांटिक किनाऱ्यावरच्या लीगमध्ये आहे, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला ३० टक्केच वाटा घेऊन. खेळणारी पोरं सामन्यांसाठी देश ओलांडून जातात. पॅनोरॅमिक हिलचा रस्ता तेवढाच अरुंद आहे.

२०१९ च्या भेटीत भाची फ्रीमाँटला राहत होती. तिथे मराठी घरं खूप, गणपतीत ढोल वाजतात, आणि हेवर्ड फॉल्ट त्याच वस्त्यांखालून जातो. अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्यामुळे विकणाऱ्याला घर भ्रंशाच्या पट्ट्यात आहे की नाही हे लिहून द्यावं लागतं. तिच्या कागदावर 'नाही' अशी खूण होती. तरी तिने मला नकाशा उघडून दाखवला. रेघ घरापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर होती. आम्ही दोघं टॉर्च घेऊन घराखालच्या बुटक्या पोकळीत रांगत शिरलो, लाकडी चौकट पायाच्या काँक्रीटला बोल्टने बांधली आहे का ते पाहायला. बोल्ट होते, पण दूर दूर. एका कोपऱ्यात नटच नव्हता. दिवाळीच्या आधी तिने माणूस बोलावून मधले बोल्ट मारून घेतले आणि मला फोटो पाठवले.